अमेरिकेत लस बाधली तर सरकारकडून भरपाई कशी मागायची, पहिल्या कागदापासून

या विषयावर आपल्या लोकांत दोनच प्रकारची माणसं भेटतात. एकांच्या मते लस म्हणजे विषच, आणि दुसऱ्यांच्या मते लसीने कधी कुणाला काही होतच नाही, सगळे मनाचे खेळ. दोघांनाही माहीत नसतं की अमेरिकन सरकारने १९८६ मधेच कायदा करून ठेवलाय की लस क्वचित कुणाला तरी बाधणार, आणि ज्याला बाधली त्याने एकट्याने का भोगायचं. त्याआधी डीटीपीच्या (घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला) लसीवरून कंपन्यांवर इतके खटले पडले की कंपन्या लस बनवणंच सोडायला लागल्या, मग हा मधला मार्ग निघाला. १ ऑक्टोबर १९८८ पासून तो चालू आहे, नाव नॅशनल व्हॅक्सिन इन्ज्युरी कॉम्पेन्सेशन प्रोग्राम, सगळे व्हीआयसीपी म्हणतात. पैसे कुठून येतात तर प्रत्येक डोसवर रोगामागे ७५ सेंट टॅक्स असतो, फ्लूच्या लसीवर ७५ सेंट, एमएमआरवर (गोवर, गालगुंड, रुबेला) तीन रोगांचे मिळून सव्वादोन डॉलर, आणि तो सगळा एका ट्रस्ट फंडात जातो. म्हणजे आपण दरवर्षी फ्लू शॉट घेताना यात वर्गणी भरतच असतो.

हे नो-फॉल्ट आहे, म्हणजे नर्सने किंवा कंपनीने चूक केली हे सिद्ध करावं लागत नाही. फक्त लसीमुळे झालं एवढं दाखवायचं. आणि घाबरून जायचं कारण नाही, सरकारी आकड्यांप्रमाणे दर दहा लाख डोसमागे साधारण एका माणसाला भरपाई मिळते, इतकं हे विरळ आहे. पण तो एक माणूस आपल्या घरातला असेल तर काय करायचं ते लिहिते. माझ्या नणंदेची खांद्याची केस आम्ही घरच्यांनी मिळून निस्तरली, त्यामुळे कागद कुठे अडकतात ते जवळून बघितलंय.

आधी बघा, तुमची लस यात बसते का

बसणाऱ्या लसी म्हणजे मुलांना आणि गरोदर बायकांना नेहमी द्यायला सांगितलेल्या: धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकला, पोलिओ, एमएमआर, कांजिण्या, हिपॅटायटिस ए आणि बी, हिब, रोटाव्हायरस, एचपीव्ही, मेनिंगोकॉकल, न्यूमोनियाची कॉन्जुगेट लस, आणि दरवर्षीचा फ्लू. घेणाऱ्याचं वय काहीही चालतं, सत्तर वर्षांच्या सासऱ्यांना फ्लू शॉटने त्रास झाला तरी अर्ज करता येतो. गरोदरपणी आईला दिलेल्या लसीने पोटातल्या बाळाला इजा झाली तर बाळाच्या नावानेही करता येतो, ही सुधारणा २०१६ च्या कायद्याने झाली.

न बसणाऱ्या लसी नीट वाचा, कारण आपण भारतात जायच्या आधी ज्या ट्रॅव्हल क्लिनिकमधे टोचून घेतो त्यातल्या बऱ्याच यातच येतात. टायफॉइड नाही, रेबीज नाही, जपानी एन्सेफलायटिस नाही, यलो फीवर नाही. पन्नाशीनंतर घ्यायची नागिणीची लस नाही, आरएसव्हीची नाही, न्यूमोनियाची जुनी २३ प्रकारांची पण नाही. आणि कोविडची पण नाही, तिच्यासाठी सीआयसीपी नावाचा वेगळा सरकारी प्रोग्राम आहे, त्याबद्दल खाली. एकाच दिवशी हिपॅटायटिस ए आणि टायफॉइड दोन्ही घेतल्या असतील तर कुठली कुठल्या हाताला दिली हा प्रश्न एकदम महत्त्वाचा होतो, कारण एकीला भरपाई आहे आणि दुसरीला नाही.

डोस अमेरिकेत किंवा तिच्या प्रदेशांत दिलेला असायला हवा. नागरिकत्वाची अट कायद्यात नाही, त्यामुळे एच-वन-बी वाले किंवा सहा महिने नातवंडं सांभाळायला आलेले आजी-आजोबासुद्धा, डोस इथे घेतला असेल तर अर्ज करू शकतात. (व्हिसाबद्दल मनात किंतु असेल तर इमिग्रेशन वकिलाला वेगळं विचारा, व्हॅक्सिनवाला वकील त्यातला नसतो.) पुण्यात किंवा पणजीत टोचलेली लस साधारणपणे बसत नाही. अपवाद म्हणजे लष्करातले किंवा अमेरिकन सरकारी नोकर आणि त्यांच्यावर अवलंबून असलेली माणसं, किंवा लस अमेरिकेतल्या कंपनीने बनवलेली आणि तुम्ही ती घेतल्यापासून सहा महिन्यांच्या आत अमेरिकेत परत आलात. मुलाचे डोस भारतात पूर्ण करून आणणारे आईबाप बरेच असतात म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

घड्याळ कधी सुरू होतं

सगळ्यात जास्त केसेस मरतात त्या इथे. इजा असेल तर पहिलं लक्षण दिसल्यापासून ३ वर्षं. मृत्यू झाला असेल तर मृत्यूपासून २ वर्षं, आणि शिवाय ज्या इजेने मृत्यू झाला तिच्या पहिल्या लक्षणापासून ४ वर्षांच्या आत. पहिलं लक्षण म्हणजे पहिलं लक्षण, डॉक्टरने नाव दिलं ती तारीख नाही. पायाला मुंग्या मार्चमधे सुरू झाल्या आणि गियाँ-बारे (शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर उलटते तो आजार) म्हणून निदान ऑगस्टमधे झालं तर घड्याळ मार्चपासून धावतंय. "एमआरआय येऊ दे, स्पेशालिस्ट काय म्हणतो ते कळू दे, मग बघू" करत करत लोक मुदत घालवून बसतात. कागदावर लिहा, पहिलं लक्षण या तारखेला, तीन वर्षं या तारखेला संपतात, आणि तो कागद फ्रिजवर लावा. कोर्टात अर्ज पोचल्याची तारीख धरतात, पोस्टात टाकल्याची नाही, म्हणून शेवटचा आठवडा मोजूच नका. लसींच्या तक्त्यात (तो काय ते खाली सांगते) नवीन इजा घातली गेली तर जुन्या लोकांना दोन वर्षांची वेगळी संधी मिळते, पण आठ वर्षांपेक्षा जुनी इजा नको. त्या भरवशावर बसू नका.

दुसरी अट, त्रास लसीनंतर सहा महिन्यांपेक्षा जास्त टिकलेला हवा, किंवा हॉस्पिटलमधे ॲडमिट होऊन ऑपरेशन करावं लागलेलं हवं, किंवा मृत्यू. दोन दिवस ताप आला, हात दुखला, चक्कर आली, यात काही मिळत नाही आणि मिळायलाही नको.

आणि एक गैरसमज इथेच काढून टाकते. लसीच्या त्रासांची नोंद घेणाऱ्या व्हेअर्स नावाच्या सरकारी साइटवर रिपोर्ट टाकला की झालं असं बऱ्याच जणांना वाटतं. तो रिपोर्ट जरूर टाका, पण तो फक्त नोंदीसाठी आहे, त्याने अर्ज होत नाही आणि घड्याळही थांबत नाही.

डॉक्टरकडे जा आणि नोंद होऊ द्या

आपल्याकडे सवय काय, खांदा दुखतोय तर गरम पाण्याची पिशवी, मग तेल चोळायचं, मग भावाच्या मिरजेतल्या डॉक्टर मित्राला फोन, आणि इथल्या डॉक्टरकडे चार-पाच महिन्यांनी, कारण डिडक्टिबल, म्हणजे इन्शुरन्सच्या आधी आपल्याच खिशातून भरायची रक्कम. दुखणं खरं असतं पण कागदावर ते नसतंच. समोरचा सरकारी वकील एवढंच विचारतो की इतकं दुखत होतं तर मधे दोनदा डेंटिस्टकडे आणि एकदा ॲन्युअल फिजिकलला गेलात तेव्हा का नाही सांगितलं. त्याला उत्तर देता येतं, पण जड जातं.

म्हणून त्रास जाणवला की महिन्याच्या आत जा आणि स्पष्ट सांगा, "अमुक तारखेला अमुक हातात फ्लू शॉट घेतला, त्याच रात्रीपासून दुखतंय." डॉक्टर "थोड्या दिवसांपूर्वी" असं मोघम लिहितात, तारीख लिहायला सांगा. नंतर मायचार्ट (डॉक्टरकडचं ऑनलाइन रेकॉर्ड) उघडून व्हिजिटची नोट वाचा, चुकीची असेल तर दुरुस्तीची विनंती लगेच पाठवा. खोटं किंवा वाढवून मात्र काही सांगू नका, जुन्या नोटा सगळ्या निघतात.

खांद्याचं इतकं सांगतेय कारण हल्ली सगळ्यात जास्त अर्ज त्याचेच असतात, सिर्वा म्हणतात त्याला. सुई दंडाच्या स्नायूत जायच्या ऐवजी फार वर टोचली की खांद्याच्या सांध्याजवळच्या पिशवीला इजा होते आणि हात वर जाईना, पाठीमागे जाईना असं होतं. मार्च २०१७ पासून हे अधिकृत तक्त्यात आहे, आणि त्याच्या अटी ठरलेल्या: त्या खांद्याला आधी दुखणं किंवा इजा नव्हती, दुखणं ४८ तासांच्या आत सुरू झालं, दुखणं आणि हालचाल कमी होणं त्याच खांद्यापुरतं, आणि दुसरं कुठलं कारण दिसत नाही. यात "त्याच खांद्यापुरतं"वर बरेच जण अडकतात कारण डॉक्टरच्या नोटमधे मान पण दुखते, बोटांना मुंग्या येतात असं सगळं एकत्र लिहिलेलं असतं.

तक्ता म्हणजे काय

व्हॅक्सिन इन्ज्युरी टेबल म्हणून एक यादी आहे, कुठल्या लसीनंतर कुठली इजा किती वेळात. फ्लूनंतर गियाँ-बारे ३ ते ४२ दिवसांत. बऱ्याच लसींनंतर ॲनाफिलॅक्सिस (जिवावर बेतणारी तीव्र ॲलर्जी) ४ तासांत. रोटाव्हायरसनंतर बाळाच्या आतड्याची गुंतागुंत १ ते २१ दिवसांत. धनुर्वाताच्या लसीनंतर दंडाच्या नसांची सूज २ ते २८ दिवसांत. गोवराच्या लसीनंतर प्लेटलेट कमी होणं ७ ते ३० दिवसांत. तुमचं यात चपखल बसलं तर लसीमुळेच झालं असं कायदा धरून चालतो, दुसरं कारण होतं हे दाखवायची जबाबदारी सरकारवर.

बसलं नाही तर? दार बंद नाही, पण पुरावा आता तुम्ही द्यायचा. २००५ च्या अल्थेन निकालाने तीन गोष्टी ठरवल्यात: लसीने असं होऊ शकतं याची वैद्यकीय थिअरी, तुमच्या बाबतीत तसंच झालं याचा सुसंगत क्रम, आणि वेळेचं गणित जुळणं. नेमकी शंभर टक्के खात्री लागत नाही, पारडं जरासं तुमच्या बाजूला झुकलं तरी पुरतं. पण यासाठी एक्स्पर्ट डॉक्टर लागतो आणि वर्षं जातात. ऑटिझमबद्दल विचारणार असाल तर पाच हजारांवर अर्ज एकत्र चालवून २००९ आणि २०१० मधे कोर्टाने पुरावा तपासून ते नाकारले, त्या वाटेला जाऊ नका.

कागद

लसीची नोंद सगळ्यात आधी: तारीख, लसीचं नाव, कंपनी, लॉट नंबर, आणि डावा हात की उजवा. फार्मसीत घेतली असेल तर नुसती पावती नको, तुम्ही सही केलेला कन्सेंट फॉर्म मागा, हाताची नोंद त्यावर असते. नणंदेच्या फॉर्मवर उलटाच हात लिहिलेला होता, आम्ही घरी बसून ते बघितलं नसतं तर सरळ नापासच, मग सुरुवातीच्या प्रत्येक डॉक्टर नोटमधे बरोबर हात कसा आहे ते दाखवून ते निभावलं. राज्याच्या रजिस्ट्रीतही नोंद मिळते, न्यू जर्सीत एनजेआयआयएस, कॅलिफोर्नियात केअर.

मग लसीच्या आधीच्या तीन वर्षांचे सगळे मेडिकल रेकॉर्ड आणि नंतरचे आजपर्यंतचे सगळे. सगळे म्हणजे फॅमिली डॉक्टर, अर्जंट केअर, फिजिओ, ऑर्थोपेडिक, एमआरआय. मूल असेल तर गरोदरपणापासूनचे आणि जन्माचे पण. हिपा या मेडिकल रेकॉर्डच्या कायद्याप्रमाणे मागितल्यापासून ३० दिवसांत द्यायचे असतात, फोनवर मागू नका, लेखी मागा. मायचार्टमधला सारांश चालत नाही, पूर्ण सर्टिफाइड रेकॉर्ड लागतं.

मधे भारतात जाऊन उपचार घेतले असतील, आणि बरेच जण घेतात कारण तिकडे फिजिओथेरपी परवडते, तर तिथून निघायच्या आधीच लेटरहेडवर तारखा, काय तपासलं, हात किती अंशांपर्यंत वर जात होता असं लिहून शिक्का-सहीसकट घ्या. "पैसे मिळाले" एवढंच लिहिलेल्या पावतीच्या चिटोऱ्याचा उपयोग नाही. मराठीत असेल तर सर्टिफाइड भाषांतर जोडावं लागेल.

व्हॉट्सॲप जपून ठेवा. "आई, फ्लू शॉट घेतला, हात वरच होत नाहीये, पोळ्या यांनी केल्या" असा त्याच आठवड्यातला मेसेज तारखेसकट असेल तर तो दोन वर्षांनी आठवून लिहिलेल्या प्रतिज्ञापत्रापेक्षा वजनदार ठरतो. फोन बदलताना बॅकअप घ्या, डिसअपिअरिंग मेसेज बंद करा.

वकील, आणि हो, तो फुकट असतो

लोकांना हे सांगितलं तरी पटत नाही. या प्रोग्राममधे वकील तुमच्याकडून फी घेऊच शकत नाही, भरपाईतले टक्केही घेऊ शकत नाही, कायद्यानेच मनाई आहे. त्याची फी आणि खर्च त्याच ट्रस्ट फंडातून कोर्ट ठरवून देतं, तुमच्या रकमेला हात न लावता, आणि केस हरलात तरी देतं, फक्त अर्ज प्रामाणिक आणि सबळ आधारावर केलेला हवा. म्हणूनच वकील कमकुवत केस घेत नाहीत. एकाने नाही म्हटलं तर दुसऱ्याला विचारा, तिसऱ्याला विचारा. यूएस कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्सच्या साइटवर या केसेस घेणाऱ्या वकिलांची यादी आहे, तो तुमच्याच राज्यातला असायची गरज नाही. रस्त्यावर बोर्ड लावलेला ॲक्सिडेंटवाला वकील नको, यातलाच माणूस हवा. टक्के मागणारा भेटला तर तिथूनच उठा.

वकिलाशिवाय स्वतः पण अर्ज करता येतो. सिर्वासारखी सरळ केस असेल तर जमेलही, पण फुकट मिळत असताना कशाला.

अर्ज आणि पुढचं

अर्ज कोर्टात करायचा, वॉशिंग्टनच्या त्या फेडरल क्लेम्स कोर्टात, आणि त्याची एक प्रत आरोग्य खात्याच्या सेक्रेटरीला, कारण कायद्याने प्रतिवादी तेच असतात. लस देणाऱ्या नर्सवर किंवा कंपनीवर नाही, उलट यातल्या लसींसाठी हजार डॉलरच्या वर काही मागायचं असेल तर आधी इथेच यावं लागतं, थेट त्यांच्यावर दावा चालत नाही. फी ४०५ डॉलर, परवडत नसेल तर माफीचा अर्ज जोडता येतो. अर्जात कोण, कुठली लस, कधी, कुठे, काय झालं, सहा महिने कसे पूर्ण झाले, हे साध्या भाषेत, सोबत रेकॉर्ड आणि तुमचं प्रतिज्ञापत्र. मुदत अगदी तोंडावर आली असेल तर हाताशी आहे तेवढ्यावर अर्ज आधी दाखल करा आणि उरलेलं नंतर जोडा, वकील पण तेच करतात.

मग वाट बघणं. आरोग्य खात्याचे डॉक्टर रेकॉर्ड तपासतात, न्याय खात्याचा वकील रिपोर्ट देतो की मान्य आहे की नाही. ज्युरी नसते, निर्णय स्पेशल मास्टर (या केसेससाठी नेमलेला कोर्टाचा अधिकारी) देतो, असे आठ आहेत. सिर्वा आणि फ्लूनंतरच्या गियाँ-बारेच्या केसेस बहुतेक वेगळ्या जलद विभागात जातात, जलद म्हणजे तरी दोन वर्षं धरून चाला. ज्यांना पैसे मिळतात त्यातल्या साधारण ६० टक्के लोकांना ते तडजोडीने मिळतात, सरकार "लसीमुळे झालं" हे मान्य न करताच रक्कम देतं. आपल्या माणसांना हे टोचतं, चूक कबूल करा ना म्हणतात. पैसे घ्या.

किती? उपचाराचा इन्शुरन्सने न भरलेला मागचा-पुढचा खर्च, बुडालेला पगार, आणि वेदनांसाठी जास्तीत जास्त २,५०,००० डॉलर, मृत्यूसाठीही तेवढेच. १९८६ मधे घातलेली ही मर्यादा अजून वाढवलेली नाही, त्या काळी घर यायचं त्यात. खांद्याच्या केसेसमधे वेदनांचे म्हणून पाच आकडी रक्कम ते लाख-दीड लाख असं दिसतं, ऑपरेशन झालं असेल तर वरच्या अंगाला. पगार बुडाला म्हणत असाल तर एचआरचं पत्र आणि टॅक्स रिटर्न, खर्च म्हणत असाल तर प्रत्येक को-पे ची पावती. लहान मुलाच्या नावाने मोठी रक्कम असेल तर बऱ्याचदा आपल्या काउंटीच्या कोर्टातून पालकत्वाचा आदेश आणावा लागतो, आईबाप असूनही.

हरलात तर ३० दिवसांत त्याच कोर्टाच्या न्यायाधीशाकडे फेरविचार, तिथूनही नाही तर ६० दिवसांत फेडरल सर्किट या वरच्या कोर्टाकडे. प्रोग्रामचा निकाल नाकारून कंपनीवर दावा करायचा हक्क राहतो, पण २०११ मधे सुप्रीम कोर्टाने लसीच्या डिझाइनवरून खटला भरायची वाट बंद केली, त्यामुळे त्यात आता फारसा दम नाही.

कोविडची लस असेल तर

सीआयसीपी, आणि इथे सगळंच कंजूष. मुदत १ वर्ष, आणि ती लक्षणापासून नाही, डोस घेतल्याच्या तारखेपासून. कोर्ट नाही, सुनावणी नाही, सरकारी खातंच कागदावरून ठरवतं. वेदनांचे पैसे नाहीत, वकिलाची फी नाही, आणि इन्शुरन्सने देऊन उरलं तेवढंच. इजा गंभीर हवी, त्यामुळे नुसता दुखरा खांदा इथे टिकणं कठीण. २०२३ मधे कोविड लसीचे पहिले तीन दावे चुकते झाले, तिन्ही मिळून पाच हजार डॉलरच्या आत. अर्ज साइटवरूनच भरता येतो, रेकॉर्ड नंतर पाठवलं तरी चालतं, पण फॉर्म वर्षाच्या आत जायला हवा. नकार आला तर ६० दिवसांत एकदा फेरविचार मागता येतो, पुढे कोर्टात जाता येत नाही. फ्लू आणि कोविड एकाच दिवशी वेगवेगळ्या हातांत घेतले असतील आणि फ्लूचा हात दुखत असेल तर तो अर्ज व्हीआयसीपीतच जातो, म्हणून परत तेच, कुठला हात ते लिहून घ्या.

शेवटचं एक, जे वकील पण कधीकधी उशिरा सांगतात. निकाल कोर्टाच्या साइटवर नावासकट प्रसिद्ध होतो आणि गूगलवर सापडतो, त्यात तुमचं सगळं आजारपण, कधी डिप्रेशनची गोळी घेतली तेसुद्धा. निकाल लागल्यापासून १४ दिवसांत नाव किंवा मेडिकल तपशील झाकायची विनंती करता येते, लहान मुलांची फक्त आद्याक्षरं छापतात. ऑफिसमधल्या किंवा मंडळातल्या लोकांनी वाचू नये असं काही असेल तर वकिलाला केस सुरू होतानाच सांगून ठेवा.